जीपचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या भाषेत देवळे, बारवा आणि नदीकाठचे घाट यांच्यासाठी रूढ झाला. जुन्या चर्चच्या वास्तूविषयी बोलताना आपणही तोच शब्द वापरतो. यंत्राच्या बाबतीत मात्र तो कोणी उच्चारीत नाही. यंत्राची दुरुस्ती होते, आणि दुरुस्ती परवडेनाशी झाली म्हणजे ते भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. याला अलीकडे एक अपवाद दिसू लागला आहे, तो जुन्या जीपगाडीचा. शेतातल्या आखाड्यावर किंवा कचेरीच्या मागे वर्षानुवर्षे उभी असलेली जीप शोधून काढावी, ती सुटी करावी, पत्रा खरवडून पुन्हा उभी करावी, हा छंद शहरांतून पसरत आता तालुक्याच्या गावांपर्यंत आला आहे. या छंदाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या कामात पहिल्याच दिवशी एक प्रश्न समोर येतो: गाडी पुन्हा उभी करायची ती कोणत्या काळातली? प्रश्न वरकरणी गॅरेजातला असला तरी तो इतिहासाचा आहे, आणि मराठवाड्यात त्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या उत्तरापेक्षा निराळे असावे, असे आम्हांस वाटते.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे हिमायतनगरचा परिसर आहे. नांदेड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. त्याचे जुने नाव वाढोणा. परमेश्वराच्या मंदिरामुळे ते नाव अजून लोकांच्या तोंडी टिकले आहे, आणि कागदोपत्री निजामी अमदानीतले नाव चालते. उत्तरेकडून पैनगंगा वाहते. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे वऱ्हाड. एका बाजूला सहस्रकुंडाचा धबधबा आणि त्यापुढे किनवटचे जंगल. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे गावातून जाते खरी, पण रूळ सोडून वाडी-तांड्यांकडे वळले की काळी माती सुरू होते. ही माती कापसाला मानवते, चाकाला नाही. पावसाळ्यात तिचा थर चाकावर चढत जातो आणि पाहता पाहता चाक दुप्पट जाड होते. अशा मुलखात जीप हे चैनीचे वाहन कधीच नव्हते.

यंत्राची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. त्यांतले एक चाक चिखलात नुसतेच गरगरू लागले की गाडी जागीच बसते. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, दुसरा पुढच्या चाकांकडे. चालकाच्या पायांजवळ मुख्य गिअरखेरीज दोन आखूड दांडे असतात. एकाने पुढचा शाफ्ट जोडावयाचा, दुसऱ्याने वेग उतरवून जोर वाढवावयाचा. सारे रहस्य या दुसऱ्या पेटीत आहे.

या गाडीचा जन्म घाईत झाला. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या टेहळणीच्या गाडीसाठी कारखानदारांकडून आराखडे मागविले. मुदत अवघी ४९ दिवसांची. पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या हातून आराखडा करवून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना लष्कराच्या स्वाधीन केला. नमुना पसंत पडला; पण एवढ्या लहान कारखान्याकडून हवी तितकी संख्या निघणार नाही, असे लष्कराला वाटले. म्हणून बँटमची रेखाटने विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना पाहावयास दिली गेली. अखेरीस जी गाडी रणांगणावर गेली तिचा मूळ घाट बँटमचा, साठ अश्वशक्तीचे इंजिन विलिसचे, आणि दाबून काढलेल्या उभ्या फटींची ओळखीची जाळी फोर्डची. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. फोर्डने आपल्या भागांवर, नटबोल्टांवरसुद्धा, आपले आद्याक्षर ठोकले होते. आज हौशी मंडळी ते अक्षर असलेला एकेक बोल्ट धुंडाळीत फिरतात. त्यांच्या चिकाटीचे कौतुकच आहे. पण ज्या गाडीला जन्मतःच तीन पालक होते तिच्या बाबतीत अस्सलपणाचा एवढा कडवा आग्रह पाहून थोडे हसूही येते.

भारतात ही गाडी युद्धाबरोबर आली. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी पूर्व भारतात उतरलेल्या वाहनांपैकी पुष्कळ युद्धानंतर इथेच राहिली आणि डिस्पोजलच्या लिलावांतून विकली गेली. त्याच सुमारास मुंबईत एका नव्या कंपनीने या गाडीत लक्ष घातले. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव होते महिंद्र अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. या दरम्यान विलिसच्या जीपचे सुटे भाग पेट्यांतून आणून मुंबईत माझगावला गाड्या जोडण्याचे काम सुरू झाले, आणि १९५४ पासून टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले.

जीर्णोद्धाराचा विचार करताना याच काळातील एक कडू प्रकरण वगळता येत नाही. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि हैदराबादचा प्रश्न चिघळत होता. सैन्याला जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तेथील एका कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. करार नव्या गाड्यांचा नव्हता. युद्धात वापरलेल्या दोन हजार जीपगाड्या दुरुस्त करून, नव्यासारख्या करून द्यावयाच्या होत्या. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या, आणि त्या वापरण्याजोग्या नाहीत असे आढळले. स्वतंत्र भारतातील पहिला घोटाळा म्हणून 'जीप प्रकरण' हे नाव तेव्हापासून वर्तमानपत्रांत रूढ झाले. संसदेत त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने प्रकरण संपल्याचे जाहीर केले आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. राजकारणाच्या बाजूने यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस त्यातली कारागिरीची बाजू महत्त्वाची वाटते. वरून रंग मारलेली आणि आतून खिळखिळी असलेली गाडी ही 'पुनर्बांधणी' या शब्दाखाली किती सहज खपविता येते, हे या देशाने आपल्या अगदी पहिल्या वर्षातच पाहिले. आजही जुन्या जीपच्या बाजारात चकचकीत रंगाखाली लांबी भरलेला सडका पत्रा निघतो.

हैदराबादची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरकडून आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाड्याच्या पुष्कळ खेड्यांनी मोटारगाडीपूर्वी जीप पाहिली ती या लष्करी रूपात. मात्र ती गाडी आली आणि निघून गेली. जी राहिली ती मागाहून आलेली सरकारी जीप.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूहविकास योजना सुरू झाली. गटविकास अधिकारी हे नवे पद निर्माण झाले आणि गटाच्या अंदाजपत्रकात जीपची तरतूद आली. १९५३ पासून हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली, तिच्याबरोबर फवारणीचे पंप घेऊन जीप आली. पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि अध्यक्षांची जीप ही सत्तेची खूण ठरली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या रांगेपुढे हजेरी पाहावयास येणारी तीच. मराठवाड्याच्या बोलीत 'जीप आली' याचा अर्थ 'साहेब आले' असा होता. साहेब कोणते, ते धुरळा बसल्यावर कळे.

या सरकारी जीप बहुधा विलिसच्या ३-बी जातीच्या. या जातीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५३ साली विलिसने जुन्याच गाडीत नवे इंजिन बसविले. या इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या झडपा वर, डोक्यात होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कारखान्याने बाकीचे अंग तसेच ठेवून केवळ बॉनेट उंच केले. त्या उंच कपाळामुळे ही गाडी दुरूनही ओळखू येते. म्हणजे भारतात जिला लोक 'मूळची जीप' समजतात ती स्वतःच मोठे इंजिन मावावे म्हणून फेरफार केलेली गाडी आहे. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे तिचीच वंशावळ नावे आणि इंजिने बदलीत पुढे कित्येक दशके चालू राहिली.

लष्करानेही या गाडीत आपल्या गरजेनुसार बदल केले. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी ज्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे निकामी केले ती जीपवर बसविलेली रिकॉइललेस तोफ होती. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आज कोणी त्या प्रकारची गाडी जतन करावयास घेतली तर तोफेचा खांब उपटून 'मूळ रूप' आणील काय?

आता मराठवाड्यातील बदलांकडे वळू, कारण आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि १९७९ नंतर अधिकच महागले. पेट्रोलची जीप भुकेलेली असते. सरकारी खात्याला ती भूक परवडे. लिलावात जुनी सरकारी जीप घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा लहान व्यापाऱ्याला ती परवडणे शक्य नव्हते. म्हणून गावोगावच्या फिटरांनी या गाड्यांतून पेट्रोल इंजिने काढली आणि मिळेल ते डिझेल इंजिन घातले. कोणी ट्रॅक्टरचे घातले, कोणी आकुर्डीला बनणाऱ्या मॅटाडोरचे, कोणी आणखी कशाचे. कंपनीही मागे राहिली नाही. १९८० च्या दशकात प्यूजोच्या तंत्राची डिझेल इंजिने इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊन जीपमध्ये बसू लागली. पण गॅरेजातल्या बदलांना आराखडा नव्हता. इंजिन लांब निघाले तर पुढची आडपट्टी कापावयाची, जड निघाले तर पुढच्या कमानीत एक पाटा वाढवावयाचा, रेडिएटर पुढे सरकवावयाचा, बॅटरी मोठी घ्यावयाची. गिअरपेटीचे तोंड आणि इंजिनाचे तोंड जुळेना, तर मध्ये पोलादी चकती खरादून घालावयाची. या चकतीवर कारागिराने कधी आपले आद्याक्षर ठोकले नाही. फोर्डच्या बोल्टांइतकेच ते अक्षर आज मोलाचे ठरले असते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

त्यानंतर काळी-पिवळीचे दिवस आले. एस.टी. जिथे दिवसातून एकदा जाई, किंवा पावसाळ्यात जातच नसे, तिथे जीप जाऊ लागली. मागचा भाग वाढवून दोन्ही बाजूंना बाकडी बसविली, वर ताडपत्रीचे हूड ताणले, मागच्या फळीवर उभे राहणाऱ्यांसाठी लोखंडी दांडी लावली. बाजाराच्या दिवशी आत किती माणसे बसत हे सांगितले तर शहरी वाचकांस ते खोटे वाटेल. याच काळात एक विचित्र गोष्ट घडली. सडका थोड्या सुधारल्या, आणि डिझेल वाचावे व हाउसिंगची झीज टळावी म्हणून मालकांनी पुढचा शाफ्ट काढून ठेवला. ज्या गुणामुळे जीप ही जीप होती तो गुण पोटासाठी काढून माळ्यावर टाकला गेला. इतिहासकाराने हे लिहून ठेवलेच पाहिजे. हौशी मंडळी मात्र याला नासधूस म्हणतात.

गेल्या वर्षी पैनगंगेच्या काठच्या एका गावातील दोघे भाऊ आमच्याकडे आले. त्यांच्या वडिलांची ३-बी जातीची जीप आखाड्यावर पडून होती. वडिलांनी ती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सरकारी लिलावात घेतलेली, पुढे मॅटाडोरचे इंजिन घातलेली, आणि बरीच वर्षे बाजाराच्या वाटेवर चालविलेली. थोरल्याला ती विंटेज म्हणून नोंदवावयाची होती; त्यासाठी डिझेल इंजिन काढून मूळचे पेट्रोल इंजिन शोधण्याची त्याची तयारी होती. धाकट्याला तिला रुंद टायर, उंच कमानी आणि पुढे विंच हवा होता. ऑफ-रोडच्या स्पर्धांत असतात तशी. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली या गावी जुन्या लष्करी जीपांना असे नवे रूप देणारी गॅरेजे कशी आहेत, हे त्याने आम्हांस तपशिलाने सांगितले. म्हातारबा बराच वेळ ऐकत होते. मग ते म्हणाले, "मूळचं इंजिन म्हंजे कोणतं, फादर? ह्याच इंजिनावर तीन पोरींची लग्नं झाली."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना थीसियसच्या जहाजाचे कोडे आम्ही सोडविले होते, किंवा सोडविल्याचा समज करून घेतला होता. प्लूटार्कने ते सांगितले आहे. अथेन्सचे लोक थीसियसचे जहाज जपत, कुजलेली फळी काढून नवी बसवीत. सर्व फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिले काय? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? थोरल्याचे म्हणणे जुन्या फळ्या गोळा करणाऱ्याचे होते. फरक एवढाच की त्याच्या जीपच्या जुन्या फळ्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. तो शोधणार होता ते दुसऱ्याच एखाद्या जीपचे इंजिन.

वास्तूंच्या बाबतीत युरोपने हा वाद शंभर-दीडशे वर्षे घातला आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच जीर्णोद्धाराला खोटेपणा ठरविले होते. उलट फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक यांनी पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलवर १८५९ मध्ये स्वतःच्या कल्पनेने नवा मनोरा चढविला. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तो कोसळला. पुढे काय करावे यावर फ्रान्समध्ये खल झाला आणि १८५९ चा तोच मनोरा जसाच्या तसा उभारावा असे ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा तो आकाशात होता. मध्ययुगीन मंदिरावरची एकोणिसाव्या शतकातली भर आता त्या मंदिराचा अविभाज्य भाग मानली गेली. जुन्या मोटारींसाठीही असाच विचार झालेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेत, वाहन वापरात असताना त्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा पुरावा समजावा आणि जतन करताना त्याचा मान राखावा, असे तत्त्व आहे. म्हातारबांनी ती सनद अर्थातच वाचलेली नव्हती.

आपला कायदा मात्र या बाबतीत रस्किनहूनही कठोर आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, क्रमांकात व्ही.ए. ही खास अक्षरे. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरण्याला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला नाही. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम. १९८८ च्या मूळ कायद्यात परवानगी घेऊन गाडीत बदल करता येत असे. २००० सालच्या दुरुस्तीने कारखान्याने दिलेल्या तपशिलापासून दूर जाण्यास सामान्यतः मनाई झाली, इंधन बदलण्यासारख्या थोड्या गोष्टींची सवलत राहिली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई उचलून धरली. म्हणजे थोरल्याचा मार्ग एका नियमाने अडतो, धाकट्याचा दुसऱ्याने. मराठवाड्यातील बहुतेक जुन्या जीप अशा आहेत की विंटेज ठरण्याइतक्या त्या कोऱ्या नाहीत आणि कारखान्याच्या कागदाशी जुळण्याइतक्याही नाहीत. रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी हा कायदा हवा, हे आम्हांस मान्य आहे. अर्धवट वेल्डिंग केलेल्या गाडीत माणसे कोंबून नेणाऱ्यांमुळे किती घरे उजाड झाली, हे आम्ही दफनभूमीत उभे राहून पाहिले आहे. पण जतन करण्याची व्याख्या करताना फक्त श्रीमंतांच्या गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाड्याच डोळ्यांपुढे ठेवल्या गेल्या, हेही खरे आहे.

सरकारी जीपांचे तर विचारूच नये. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली आणि ती अधिकृत केंद्रांतून मोडीत काढावयाची असे ठरले. पंचायत समित्यांच्या आणि आरोग्य खात्याच्या मागच्या आवारात टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या गाड्या त्यात आहेत. प्रत्येक जिल्ह्यातील एक जीप, तिच्या लॉगबुकासह, बाजूला काढून ठेवली असती तर फार खर्च आला नसता. कोणत्या तांड्यावर साहेब कधी गेले आणि कधी गेलेच नाहीत, हे त्या लॉगबुकातून कळते.

अस्सलपणाच्या भांडणात मोठ्या कंपन्याही मागे नाहीत. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची शेतावरची गाडी विकावयास काढली तेव्हा जीप या नावाचा मालक असलेल्या फियाट क्रायस्लर कंपनीने ती आपल्या गाडीसारखी दिसते म्हणून तक्रार केली, आणि २०२० मध्ये तेथील व्यापार आयोगाने तक्रार मान्य केली. पुढे जाळी आणि समोरचा भाग बदलल्यावर गाडीचा मार्ग मोकळा झाला. बँटमचा वारस या खटल्यात कोणीच नव्हता.

दोघा भावांना आम्ही काही निकाल दिला नाही. तो आमचा अधिकारही नव्हे. एवढेच सुचविले की गाडी उघडण्यापूर्वी ती वाचावी. त्याप्रमाणे त्यांनी वही घातली. दाराजवळचा पत्रा बारीक कागदाने घासला तेव्हा वरचा पांढरा रंग, त्याखाली काळा, त्याखाली सरकारी करडा आणि तळाशी तांबडा प्रायमर निघाला. पुढच्या कमानीत पाटे मोजले तर एक जास्तीचा. तो जड इंजिनासाठी घातलेला. बॉडीखालच्या पोकळ पट्ट्यांत काळी माती भरून दगडासारखी घट्ट झाली होती, आणि पत्रा सडला होता तो नेमका तिथे. ब्रेकचा सिलिंडर या गाडीत पायांखाली, फळीच्या खाली असतो. नदीच्या पाण्याने तो पार गंजलेला निघाला. जुन्या नोंदणीपुस्तकात पेट्रोल खोडून डिझेल केल्याची शिक्क्यासह नोंद सापडली, हे फारच बरे झाले, कारण बदल तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परवानगीने झाला होता.

अखेर घरात ठरले ते असे. डिझेल इंजिन ठेवावयाचे. रुंद टायर आणि विंच नाही. सडका पत्रा लांबी न भरता कापून नवा जोडावयाचा आणि जोडाची जागा वहीत लिहावयाची. मागची दोन बाकडी होती, त्यांतले एक ठेवावयाचे. गाडीला करडा रंग द्यावयाचा, मात्र डाव्या दाराजवळचा तळहाताएवढा चौकोन चारही थर दिसतील असा उघडा सोडावयाचा. धाकट्याची एक मागणी सर्वांनी मान्य केली: पुढचा शाफ्ट पुन्हा जोडावयाचा. तो माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला सापडला, ग्रीस लावून ठेवलेला. म्हातारबांनी तीस वर्षांपूर्वी तो विकला नव्हता, आणि का विकला नाही हे विचारल्यावर त्यांनी फक्त नदीकडे हात केला.

सध्या गाडी विटांवर उभी आहे. पुढच्या हबची बेअरिंगे नांदेडला मिळाली नाहीत, ती बाहेरून मागविली आहेत. ती आली की जोडणी, आणि मग आर.टी.ओ.ची तपासणी.